डॉक्टर आणि पेशंट यांच्यामधला माणूस

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून दिले आहे.)



कार्यवाहांनी आम्हाला विषय दिलाय 'बारावीनंतर वैद्यकीय क्षेत्रातल्या नव्या वाटा'. विषय मोठा आहे आणि आरतीला पाऊण तास उरलाय. तेव्हा आम्ही त्यातली एकच वाट धरणार आहोत. तिचं नाव फिजिशियन असिस्टंट. अलीकडे औषधाच्या खिडकीवर गोळ्या घेता घेता पालक आम्हाला याच कोर्सबद्दल विचारतात. नीटमध्ये मार्क कमी पडलेले असतात, कुठल्या तरी कॉलेजची रंगीत पुस्तिका हातात असते, आणि प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, हे झालं म्हणजे पोरगी डॉक्टरच होणार ना?"

'आम्ही' म्हणतोय ते मोठेपणानं नव्हे. सरकारी दवाखान्यात डिप्लोमा झालेल्यांची एक जात असते. फार्मासिस्ट, लॅबवाले, एक्सरेवाले. डॉक्टर बदलून जातात, आम्ही तिथंच असतो. पेशंट डॉक्टरांना 'सर' म्हणतो आणि आम्हाला 'ओ दादा' म्हणतो. त्या सगळ्या दादा मंडळींच्या वतीनं आम्ही बोलतोय, कारण डॉक्टर आणि पेशंट यांच्यामधल्या जागेत उभं राहायचा अनुभव आमचाच आहे.

आधी हा माणूस करतो काय ते सांगतो. डॉक्टर राउंडला येण्याआधी तो पेशंटजवळ बसतो, काय होतंय, कधीपासून, आधी कुठली औषधं, घरात कुणाला असं होतं का, हे सगळं विचारतो. तपासतो. रिपोर्ट जुळवतो. आपल्याला काय वाटतं ते डॉक्टरांपुढं मांडतो. ऑपरेशनमध्ये हाताशी उभा राहतो, नंतर ड्रेसिंग, डिस्चार्जचा कागद, घरच्यांना पथ्यपाणी समजावणं. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तो नर्स नव्हे. नर्सिंग ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिचा मान तिला आहे. याचं शिक्षण मात्र डॉक्टरांच्याच धर्तीवर, पण कमी वर्षांचं असतं.

ही कल्पना अमेरिकेतली. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात गारलंड नावाचं छोटं गाव आहे. तिथं डॉ. एमोस जॉन्सन यांची प्रॅक्टिस होती आणि त्यांच्या हाताशी बडी ट्रेडवेल नावाचा माणूस होता. शाळा-कॉलेजातलं वैद्यकीय शिक्षण काही नाही, डॉक्टरांनीच त्याला हाताखाली तयार केलेलं. तुमच्या डोळ्यांपुढं आपल्या पेठेतला एखादा जुना कंपाउंडर उभा राहिला असेल. आमच्याही राहिला. फरक असा, की आपण त्या कंपाउंडरच्या गोष्टी कट्ट्यावर सांगत बसलो. तिकडं त्याच राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड होते, त्यांनी विचार केला की हे काम शिकवता आलं पाहिजे. १९६५ साली त्यांनी वर्ग काढला. विद्यार्थी किती, तर चार. चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले. हात तयार होता, पण बाहेर आल्यावर त्या कामाला विचारणारं कोणी नव्हतं. १९६७ च्या ऑक्टोबरात त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले. आज त्या देशात हा भलामोठा व्यवसाय झालाय.

आपल्या देशात हे आलं १९९२ साली, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये. डॉ. के. एम. चेरियन, म्हणजे १९७५ साली देशातली पहिली बायपास केली म्हणून ज्यांचं नाव घेतात ते, त्यांनी सुरुवात केली. हृदयाच्या ऑपरेशनपासून सुरुवात व्हायला कारण आहे. बायपास म्हणजे बंद पडलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालायचा, आणि त्यासाठी बऱ्याचदा पायातली शीर वापरतात. सर्जन छातीकडं असताना पायातली शीर काढायला दुसरा तयार हात लागतो. ती ओढली गेली, चिमटली गेली तर वाया. अनेक ठिकाणी हे काम फिजिशियन असिस्टंट करतात. ज्यांच्या घरी बायपास झालीय त्यांनी पायावरचा लांब व्रण आठवावा. तो कुणी नीट शिवलाय हे कुणी विचारत नाही.

आता आपल्या भागात या. पुस्तिकेत नसलेली गोष्ट आम्हाला इथंच सांगायचीय.

निपाणीकडची एखादी विडी वळणारी बाई दवाखान्यात येते. ती म्हणते, "कसंनुसं होतंय बघा, जीव घाबरा होतोय, हातपाय गळाल्यागत वाटतंय." समोरचे डॉक्टर हुशार असतात, पण कुठून कुठून आलेले असतात. कुणी तुमकूरचे, कुणी केरळचे. ते 'कसंनुसं' कुठल्या रकान्यात लिहिणार? तिला चक्कर येते, की धडधडतं, की दम लागतो, की पोटात कालवतं? चारही वेगळी दुखणी आहेत. 'अंगात कणकण' आणि 'ताप' यांत फरक आहे, 'कळ' आणि 'ठणका' यांत फरक आहे, 'घेरी' आणि 'अंधारी' यांत तर फारच. संकेश्वराच्या बाजारातून आलेला म्हातारा तेच कन्नडमध्ये सांगतो, 'तले नोवु' म्हणतो, आणि मध्येच मराठीत शिरतो. हुक्केरी, चिकोडी, खानापूर, सगळीकडं हीच तऱ्हा. अशा वेळी डॉक्टर खिडकीकडं बघून हाक मारतात आणि आम्ही औषधं टाकून दुभाषी होतो. दुभाषाचं काम आमच्या नेमणुकीच्या कागदात नाही. ते काम चुकलं तर काय होईल याचा विचार करून आम्हाला कधी कधी घाम फुटतो. पेशंट जे सांगतो ते आम्ही सांगतो, पण त्याला पुढचा प्रश्न काय विचारायचा हे शिकवलेलं माणूस तिथं नसतं.

हा पुढचा प्रश्न विचारायला शिकवणं, हेच या कोर्सचं निम्मं शिक्षण आहे.

आमच्या एका सहकाऱ्याची भाची न्यू जर्सीत वाढली आणि सध्या तिकडं हेच शिकतेय. फोनवर मामाला सांगते, मामा आम्हाला सांगतात. अमेरिकेत आता हा कोर्स पदवीनंतरचा आहे, म्हणजे मास्टर्स, साधारण सत्तावीस महिन्यांचा. आधी कुठलीही पदवी चालते, पण शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र असे विषय झालेले लागतात. शिवाय प्रवेशाआधीच पेशंटजवळ प्रत्यक्ष काम केलेले तास मागतात. कुठं काहीशे, कुठं हजारावर. तिनं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालून, भरवून ते तास भरले. आपल्याकडं मुलीला हे काम करू देतील अशी घरं या मंडपात किती आहेत, हात वर करायला आम्ही सांगत नाही.

पहिलं वर्षभर वर्ग. आठवड्याला परीक्षा. दुसऱ्या वर्षी दवाखान्यातून दवाखान्यात फिरायचं. फॅमिली मेडिसिन, मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रियांचे आजार, इमर्जन्सी, मनाचे आजार. प्रत्येक ठिकाणी काही आठवडे, एकूण दोन हजार तासांच्या आसपास. मग तीनशे प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना, आणि तेव्हा कुठं नावापुढं दोन अक्षरं. तिला एका दवाखान्यात निम्म्याहून जास्त पेशंट स्पॅनिश बोलणारे मिळाले. तिथल्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, दुखण्याचे त्यांचे शब्द गोळा कर. तिनं वही केली. हे ऐकून आमच्या मनात आलं, निपाणीच्या शब्दांची अशी वही कुणी करायची?

पण ही भाची तिकडची नागरिक आहे. इथून मुलगा पाठवायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. भारतातला फिजिशियन असिस्टंटचा कोर्स करून तिकडची परीक्षा देता येत नाही. तिकडच्याच मान्यताप्राप्त कॉलेजातून पास व्हावं लागतं, आणि आधीचे विषयही अनेक कॉलेजं अमेरिकेतच केलेले मागतात. खर्च राहण्या-खाण्यासकट कोटीच्या घरात जातो आणि पुढं नोकरीचा व्हिसा मिळेलच याची हमी कुणी देत नाही. शेत गहाण टाकून करण्यासारखी ही गोष्ट नव्हे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग इथं? इथं आम्हाला आमच्याच धंद्याचा इतिहास सांगावा लागेल.

स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत औषध देणारा म्हणजे कंपाउंडर. डॉक्टर ठेवतील तसा राहायचा. हात कितीही तयार असो, उद्या डॉक्टरांनी काढलं की तो कुणीच नव्हे. १९४८ साली फार्मसी ॲक्ट आला. त्यानं एक नोंदवही उघडली. पहिल्या नोंदवहीत दवाखान्यात पाच वर्षं औषधं बनवलेल्यांनाही जागा मिळाली, आणि पुढं ठरलं की नोंदणी असलेल्या माणसाशिवाय कुणी औषध द्यायचं नाही. आज दोन वर्षांचा डिप्लोमा आणि पाचशे तासांचं प्रशिक्षण करून आम्ही खिडकीवर बसतो. कमी शिकलेले आहोत, पण आमचं नाव एका सरकारी वहीत आहे. चुकीचं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आम्ही डॉक्टरांकडं परत पाठवू शकतो ते त्या वहीच्या जोरावर. कंपाउंडरला ते जमलं नसतं.

फिजिशियन असिस्टंटची अवस्था आपल्या देशात बरीच वर्षं कंपाउंडरसारखी होती. कॉलेजं निघाली, पोरं पास झाली, पण वहीच नव्हती. आमच्या ओळखीच्या एका घरची मुलगी असाच कोर्स करून आली. कॉलेजवाल्यांनी प्रवेशाच्या वेळी 'छोटा डॉक्टर' असा शब्द वापरला होता. नोकरी लागली, काम हृदयाच्या ऑपरेशनच्या ठिकाणी, बारा बारा तास उभं. सर्जन तिच्याशिवाय ऑपरेशनला उभे राहत नाहीत. पण पगाराच्या वेळी तिची गणना कशात करायची हे कुणाला ठरवता येईना. नर्स म्हणावं तर नर्स नव्हे, डॉक्टर म्हणावं तर नव्हेच. घरी आली की वडील पाहुण्यांना सांगायचे, "मेडिकल लाइनमध्ये आहे." पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं.

२०२१ साली संसदेनं कायदा केला, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्यात डॉक्टर-नर्स सोडून दवाखान्यात काम करणाऱ्या अनेक व्यवसायांचे दहा गट केलेत, आणि एका गटाच्या नावातच 'फिजिशियन असोसिएट' हा शब्द आहे. राज्याराज्यांत परिषद, परिषदेची नोंदवही, ठरलेले तास, ठरलेला अभ्यासक्रम. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला कायद्यात किमान ३६०० तासांची पदवी सांगितलीय. म्हणजे १९४८ साली आमच्या वाडवडिलांना जे मिळालं ते यांना आता मिळतंय. कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं होतं असं नाही, हे सरकारी नोकरांना वेगळं सांगायला नको. पण दार उघडलंय.

एक गोष्ट मात्र त्या दारातून आत आली तरी बदलत नाही. प्रिस्क्रिप्शनवर सही नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. फिजिशियन असिस्टंट स्वतःचा दवाखाना थाटू शकत नाही. कुणी थाटला तर त्याची चिठ्ठी आम्ही खिडकीवर घेणार नाही, मग तो आमच्या गल्लीतला का असेना.

आता नावाचा तिढा. 'असिस्टंट' शब्दानं पालकांचा चेहरा पडतो हे आम्ही रोज बघतो. गंमत अशी की हा तिढा जगभर आहे. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये ठराव केला की 'असिस्टंट' नको, 'असोसिएट' म्हणा. इंग्लंडमध्ये आधीपासून 'असोसिएट' म्हणत होते. तिथं डॉक्टरांनी तक्रार केली की पेशंट यांना डॉक्टर समजतात, मोठी चौकशी झाली, आणि २०२५ च्या अहवालात शिफारस आली की पुन्हा 'असिस्टंट' म्हणा. एकानं सोडलेली टोपी दुसऱ्यानं उचलली. आम्हाला विचाराल तर इंग्लंडची बाजू आम्हाला जास्त पटते. समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही, हे पेशंटला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे.

आपल्या जुन्या घरांना अशा मधल्या माणसांचं वावडं नव्हतं. मिरजेत वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं आणि तीनच वर्षांत वैद्यकीय शाळा काढून इथल्या मुलांना शिकवायला घेतलं. पुढं एल.सी.पी.एस. डॉक्टर आले. पदवी नव्हे, लायसन. या मंडपातल्या साठीपुढच्या निम्म्या लोकांचा पहिला ताप त्यांनीच उतरवला असेल. १९४६ साली भोर समितीनं सांगितलं की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, पदवीचाच. समितीतल्या काही सभासदांना ते पटलं नव्हतं. कागदावर दर्जा वाढला, पण मधली पायरी गेली, आणि ती जागा कुणी भरायची हा प्रश्न तेव्हापासून देश सोडवतोय. जामखेडला आरोळे दाम्पत्यानं १९७० पासून खेड्यातल्या बायकांना तयार करून तो आपल्या परीनं सोडवला. आता उपकेंद्रांत सीएचओ आलेत, बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन. ज्यांच्या मुली नर्सिंगला आहेत त्यांनी ही वाट जरूर बघावी, सरकारी दवाखान्यात आज तीच जास्त रुळलेली आहे.

आता जे बोलणार आहोत ते मंडपात काहींना रुचणार नाही. मराठी जपायची म्हणून पोरांना कन्नडपासून लांब ठेवणारी घरं आहेत. सीमाप्रश्नावर आम्ही सरकारी नोकर काही बोलत नाही, बोलू शकत नाही. पण खाटेवरचा पेशंट कुठल्या भाषेत कण्हतोय हे कुणाच्या हातात नसतं. आपल्या पोरांना मराठी घरातून येते, कन्नड शाळेतून आणि बाजारातून येते, हिंदी टीव्हीवरून, इंग्रजी पुस्तकातून. चार भाषांत दुखणं समजून घेणारं पोर बेंगळुरूच्या मोठ्या हॉस्पिटलला शोधून सापडत नाही. ते आपल्या गल्लीत क्रिकेट खेळतंय. त्याची एक भाषा आपण हौसेनं कमी करायची, हे आम्हाला पटत नाही. आणि उलटही तेच. कॉन्व्हेंटमध्ये घालून मराठी फक्त आरतीपुरती उरली, तर निपाणीच्या त्या बाईचं 'कसंनुसं' त्यालाही कळणार नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मंडळाकडं चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या तीन घेतो.

पहिली, "कॉलेज खरं की खोटं कसं ओळखायचं?" तीन प्रश्न विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची, कॉलेजच्या नावाची नव्हे. चौथं वर्ष, म्हणजे इंटर्नशिप, कुठल्या हॉस्पिटलात आणि तिथं रोज किती पेशंट असतात. आणि पास झालेल्यांची नावं राज्य परिषदेकडं नोंदवली जातात का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चहा मागवू लागला तर पुस्तिका परत द्या आणि उठा. महाराष्ट्रात प्रवेश घ्यायचा असेल तर सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी काही अभ्यासक्रमांना वेगळा कोटा असतो. तुमच्या कोर्सला तो आहे का हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

दुसरी, "मुलाला चालेल का, की हे मुलींचंच?" ड्यूकच्या पहिल्या वर्गातले चौघेही पुरुष होते. पुढची चिठ्ठी.

तिसरीवर नाव नाही, अक्षर बाईमाणसाचं दिसतंय. "लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" ताई, सांगायचं असं : "ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या समोरच्या बाजूला उभी राहते. परिषदेत नाव आहे, नंबर आहे." पाहुण्यांनी पुढं विचारलं, "म्हणजे डॉक्टर?", तर "नाही" म्हणायचं आणि पोहे पुढं करायचे.

बाकीच्या चिठ्ठ्या आम्ही खिशात ठेवतोय. प्रसादानंतर मंडळाच्या ऑफिसात बसणार आहोत. येताना बारावीची मार्कलिस्ट आणि ती रंगीत पुस्तिका, दोन्ही घेऊन या.